'कोल्हापूर'चे २७ बाइट

परवा शाहूपुरीत एका ओळखीच्या गूळ-अडत्याकडे गेलो, तर दिवाणजी कपाळाला हात लावून बसलेले. मेलवर आलेली शेतकऱ्यांची यादी उघडली होती. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, दर सगळं जागच्या जागी. नाव आणि गाव या दोन रकान्यांत मात्र किडेमुंग्या. "सर, व्हायरस शिरलाय बघा ह्यात," ते म्हणाले. मॉनिटरला लिंबू-मिरची आधीच बांधून झाली होती.

स्क्रीनला नाक लावून पाहिलं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, मग जाड ठिपका. पुन्हा तोच 'ए', मग जपानी येनचं चिन्ह. दर तिसऱ्या घराला 'ए' हजर. व्हायरस कशाला इतक्या लयीत चालेल? ते गाव होतं कोडोली, आणि अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

तारेतून अक्षर कधीच जात नाही. जातात ते आकडे, ० ते २५५ मधले. एक आकडा म्हणजे एक बाइट. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हा नुसता करार, आणि करार अनेक. 'ए' हे कॅपिटल अक्षर आस्की या जुन्या अमेरिकन करारात ६५, तर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या एब्सिडिक या करारात १९३. दहा प्रकारची यंत्रं एकमेकांशी थेट बोलायला लागली तर नव्वद दुभाषे लागतील. म्हणून ऑक्टोबर १९६९ मध्ये इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक, व्हिंट सर्फ यांनी एका टिपणात सुचवलं, की घरात काहीही बोला, तारेवर आस्कीच. आपल्याकडे घरचं माप काहीही असो, सौदा क्विंटलवर होतो, तसंच. मग प्रत्येक यंत्राला जाताना एक आणि येताना एक, असे दोनच दुभाषे पुरतात.

पण आस्कीत जागा १२८, आणि देवनागरीला त्यात ओसरीही नाही. भारताने आपल्या लिप्यांसाठी इस्की नावाचा करार काढला, त्यात 'क' १७९. पुढे युनिकोडने जगातल्या लिप्यांना एकाच वहीत क्रमांक दिले. तिथे 'क' २३२५. बाइटमध्ये तर २५५ च्या वर काही मावत नाही. आता खरी गंमत.

२३२५ ला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी २१. त्या ३६ ला पुन्हा ६४ ने भागा: भागाकार ०, बाकी ३६. हाती आले ०, ३६, २१. पहिल्यात २२४ मिळवा, मागच्या दोघांत १२८. झाले २२४, १६४, १४९, आणि 'क' निघाला प्रवासाला. या रीतीचं नाव यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२ मध्ये बेल लॅब्जचे केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर ती मांडली, सोबत सहकारी रॉब पाइक होते.

२२४ च का? बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिला, तर हा बाइट १११० ने सुरू होतो: तीन एक, म्हणजे 'माझ्यासकट तिघे आहोत'. १२८ ते १९१ मधला बाइट १० ने सुरू होतो: 'मी मागचा डबा'. त्यामुळे गाडी कुठेही पकडा, इंजिन कुठलं आणि डबा कुठला ते लगेच कळतं. आणि १२८ च्या खालचे सगळे आकडे जुन्या आस्कीचे, जसेच्या तसे. यादीतले इंग्रजी अंकांतले दर आणि वजनं का बिघडली नव्हती, ते इथे आलं.

'कोल्हापूर' या शब्दात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र असे नऊ क्रमांक, म्हणजे २७ बाइट. आता समजा एखादा प्रोग्राम नेटवर्कवरून १०२४-१०२४ बाइटचे घास घेतो आणि प्रत्येक घास वेगळा रूपांतरित करतो. सलग देवनागरीची ३४१ चिन्हं १०२३ बाइट खातात. उरलेला एक म्हणजे पुढच्या चिन्हाचं नुसतं इंजिन, डबे पुढच्या घासात. मजकुरात मध्येच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं ते अशानेच. शहाणा प्रोग्राम तो अर्धवट तुकडा बाजूला ठेवून पुढच्याला जोडतो.

(संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा, हा निरोप तुम्हालाही आला असेल. तो १९८५ च्या एका लेखावरून फुगवलेला आहे, आणि त्या लेखाचा विषय अर्थाची मांडणी हा होता. बाइटला संस्कृतही कळत नाही आणि कोल्हापुरीही.)

दिवाणजींच्या स्प्रेडशीटने एवढंच केलं होतं, की प्रत्येक बाइटला पश्चिम युरोपच्या जुन्या यादीतलं एकेक अक्षर समजलं. २२४ म्हणजे रेघवाला 'ए', १६४ म्हणजे पायवालं वर्तुळ, १४९ म्हणजे ठिपका. फाइल थेट न उघडता इम्पोर्टमधून घेतली, एन्कोडिंगच्या, म्हणजे कुठला करार वापरायचा त्या खणात यूटीएफ-८ निवडलं, आणि कोडोली उमटलं. "आयला!" दिवाणजी म्हणाले, आणि हुरूप येऊन त्यांनी मागच्या हंगामाची फाइल काढली.

त्यात सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं. हे दुखणं वेगळं. कुणीतरी ती यादी देवनागरी नसलेल्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली होती. जागा नाही म्हटल्यावर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक चिन्हाच्या बदली ६३ लिहिला, म्हणजे प्रश्नचिन्ह. 'क'चाही ६३, 'ळ'चाही ६३. मूळ आकडा त्यात उरलेलाच नाही. दिवाणजींनी माळ्यावरून पावतीपुस्तकं उतरवायला पोराला हाक मारली.