विमानतळवाला कॅसाब्लांका आणि किल्लीवाला नोटोरियस

परवा मामेबहिणीचा फोन आला, म्हणाली तो जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा कुठला गं, ज्यात इंग्रिड बर्गमन हेर असते, नाझी माणसाशी लग्न करते आणि शेवटी धुक्यात विमानतळावर हिरो तिला निरोप देतो? म्हटलं अगं हे दोन वेगळे सिनेमे आहेत. हेरगिरी आणि लग्न नोटोरियसमधलं, धुकं आणि विमान कॅसाब्लांकातलं. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो आणि होणारच, कारण दोन्हीत बर्गमन, दोन्हीत क्लॉड रेन्स, दोन्हीत नाझी, दोन्हीत परमुलखातलं शहर आणि दोन्हीत एक असा पुरुष जो आतून दुखावलाय म्हणून तिच्याशी सतत टोचून बोलतो. माझे हे दोन्ही अतिशय लाडके सिनेमे आहेत त्यामुळे जरा नीट सांगते. शेवट सांगावे लागतील, त्याशिवाय फरक कळत नाही, तेव्हा ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी आधी बघून या.

कॅसाब्लांका आधीचा, १९४२ चा. वॉर्नर ब्रदर्स, दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. गोष्ट घडते डिसेंबर १९४१ मध्ये मोरोक्कोत, म्हणजे तिथं फ्रेंचांचा अंमल पण ते फ्रेंच सरकार व्हिशीचं, जर्मनांपुढं मान तुकवलेलं. युरोपातून जीव घेऊन पळालेली माणसं तिथं अडकलीयत, लिस्बनचं विमान मिळालं तर पुढं अमेरिका. आणि रिकच्या कॅफेत, म्हणजे हम्फ्री बोगार्टच्या, दोन परवाने लपवलेले आहेत, ज्याच्या हातात ते असतील तो सुटला. (असे परवाने खरे कधी नव्हतेच, गोष्टीसाठी रचलेले, पण बघताना हे डोक्यातसुद्धा येत नाही.) तेवढ्यात इल्सा, म्हणजे बर्गमन, येते, पॅरिसमध्ये रिकला सोडून गेलेली, आणि बरोबर नवरा, व्हिक्टर लाझ्लो, छळछावणीतून निसटलेला भूमिगत चळवळीतला मोठा नेता.

आता बघा, यात हेर कोण? मुख्य माणसांत कोणीच नाही. लाझ्लो कोण आहे ते आख्ख्या गावाला माहितीय, जर्मन मेजर त्याच्याशी समोरासमोर बसून बोलतो. लोक याला स्पाय रोमान्स म्हणतात ते रेनकोट आणि धुक्यामुळं असावं. खरं तर हा निर्वासितांचा सिनेमा आहे.

हेरगिरी आहे ती नोटोरियसमध्ये, आणि गंमत म्हणजे त्यात युद्ध संपलेलं आहे! १९४६ चा सिनेमा, आरकेओ स्टुडिओचा, हिचकॉकनं केलेला, बेन हेक्टनं लिहिलेला, आणि गोष्टही १९४६ मधलीच. अलिशियाचा, म्हणजे इथल्या बर्गमनचा, बाप जर्मन हेर, मायामीच्या कोर्टात त्याला देशद्रोहाची शिक्षा होते, ही दारूत बुडालेली, बदनाम झालेली. डेव्हलिन नावाचा अमेरिकन एजंट, म्हणजे कॅरी ग्रँट, तिला कामासाठी रिओला नेतो. काम काय ते दोघांनाही अजून कळलेलं नाही आणि तोवर दोघं प्रेमात पडतात. मग काम कळतं. सेबॅस्टियन म्हणून एक श्रीमंत नाझी आहे, पूर्वी तिच्यावर जीव टाकायचा, त्याच्या घरात शिरायचं.

मला विचाराल तर दोन सिनेमांतला खरा फरक इथं आहे. रिक तिला जा म्हणतो आणि त्यात त्याचं सगळं प्रेम दिसतं, डेव्हलिन तिला जाऊ नको म्हणत नाही आणि त्यात त्याचा सगळा अहंकार. रिओच्या त्या बाल्कनीत ती जेवण करून वाट बघतेय, येताना वाइन आण सांगितलंय, हा बाटली घेतो खरा पण साहेबांच्या ऑफिसात काम ऐकून असा हादरतो की बाटली तिथंच विसरतो. घरी येऊन तिला सगळं सांगतो आणि गप्प. ती एवढीच वाट बघत असते की तो म्हणेल हे काम तुझं नाही. तो म्हणत नाही, तू ठरव म्हणतो, जेवण गार होतं. आणि पुढं तिनं ते काम केलं, त्या माणसाशी लग्नसुद्धा केलं, तर हाच तिला त्यावरून टोमणे मारतो! कितीदा पाहिलं तरी इथं मला डेव्हलिनचा राग येतो.

अजून एक जोडी बघा. कॅसाब्लांकात पॅरिसच्या स्टेशनवर धो धो पाऊस, रिक गाडीपाशी उभा आणि त्याचा पियानोवाला सॅम इल्साची चिठ्ठी आणून देतो, ती वाचता वाचता पावसाच्या थेंबांनी शाई ओघळायला लागते. नोटोरियसमध्ये स्कार्फ आहे. मायामीच्या पहिल्या रात्री गाडीतून फिरायला निघताना डेव्हलिन स्वतःचा स्कार्फ तिच्या उघड्या कमरेला बांधतो, गार लागेल म्हणून. पुष्कळ पुढं रिओत एका बाकावर ती तो स्कार्फ त्याला परत देते, तेव्हा तिच्यावर विषप्रयोग चालू आहे आणि ह्याला वाटतंय ही परत प्यायला लागलीय.

काळाचा फरकही लहान नाही. ८ नोव्हेंबर १९४२ ला दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या, कॅसाब्लांकाजवळही, आणि वॉर्नरनं संधी साधून २६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये प्रीमियर उरकला. हिटलर हरेल की नाही कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा. म्हणून तो प्रसंग, जर्मन सैनिकांच्या गाण्यावर आख्खा कॅफे उठून फ्रान्सचं राष्ट्रगीत गातो तो, आजही अंगावर काटा आणतो, कारण त्यातली बरीच माणसं खरोखर पळून आलेली. डोळ्यांत पाणी घेऊन गाणारी मादलेन लबो आणि जुगाराच्या टेबलावरचा मार्सेल दालिओ हे तेव्हा नवरा-बायको होते आणि १९४० मध्ये पॅरिसहून लिस्बनमार्गेच निसटले होते. नाझी मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः जर्मनी सोडून आलेला, बायको ज्यू होती.

नोटोरियसला ही धगधग नाही, त्याची भीती वेगळी आहे, की हरलेले नाझी आता गुपचूप काय करतायत. तळघरात वाइनच्या बाटल्यांत वाळूसारखं काहीतरी भरलंय, ते निघतं युरेनियमचं खनिज. सिनेमा लागला ऑगस्ट १९४६ मध्ये, हिरोशिमाला जेमतेम वर्ष झालेलं, तेव्हाच्या प्रेक्षकाला ते नाव ऐकून काय वाटलं असेल! त्या तळघराची किल्ली अलिशियानं नवऱ्याच्या जुडग्यातून काढलीय, घरात मोठी पार्टी, आणि कॅमेरा वरच्या मजल्यावरून, झुंबरापासून, सगळा हॉल दाखवत खाली खाली येतो तो थेट तिच्या मुठीतल्या किल्लीवर. एका शॉटमध्ये.

सेन्सॉरनं दोन्हीला आडवं घेतलं होतं. तेव्हाच्या नियमांत लग्नाच्या बाईनं नवरा सोडून जाणं बसणारं नव्हतं, म्हणून इल्साला पॅरिसमध्ये नवरा मेला असंच वाटत होतं असं दाखवलंय आणि शेवटी ती त्याच्याबरोबरच विमानात बसते. शूटिंग चालू असताना स्क्रिप्ट अजून लिहून होत होतं, कुणाबरोबर जायचंय ते आपल्याला ठाऊक नव्हतं असं बर्गमन सांगायची, आणि ती घालमेल चेहऱ्यावर सरळ दिसते. नोटोरियसमध्ये हिचकॉकनं त्याच नियमावलीतला दुसरा एक नियम चुकवला. चुंबन तीन सेकंदांपेक्षा लांबवायचं नाही ना, मग मध्ये मध्ये बोलायचं, फोन करायचा, चालायचं, परत जवळ यायचं, असा तो प्रसंग अडीचेक मिनिटं चालतो.

आता क्लॉड रेन्स. दोन्ही सिनेमांसाठी त्याला सहायक भूमिकेचं ऑस्कर नामांकन मिळालं, दोन्ही वेळा बक्षीस हुकलं. कॅसाब्लांकात तो लाचखाऊ पोलीसप्रमुख रेनो, वाऱ्याप्रमाणं पाठ फिरवणारा, पण शेवटी रिकनं जर्मन मेजरला गोळी घातलेली डोळ्यांनी बघूनही त्याला पाठीशी घालतो, व्हिशीच्या पाण्याची बाटली केराच्या टोपलीत टाकतो आणि दोघं धुक्यात चालत जातात. नोटोरियसमध्ये तो नाझी सेबॅस्टियन, आणि अवघड गोष्ट ही की अलिशियावर उघडपणे प्रेम करणारा तोच एकटा आहे, ती हेर आहे हे कळेपर्यंत. मग आई आणि तो मिळून तिच्या कॉफीत विष घालतात. साथीदारांना सांगायची सोय नाही, त्याच्या चुकीला त्यांच्याकडं माफी नाही. शेवटी डेव्हलिन येतो, तिला आधार देत जिन्यावरून खाली आणतो, खाली साथीदार बघतायत, म्हणून सेबॅस्टियनला मुकाट बरोबर चालावं लागतं. गाडीशी आल्यावर तो मलाही घ्या म्हणून विनवतो आणि डेव्हलिन आतून दार लॉक करतो. मागून सेबॅस्टियनला साथीदारांची हाक येते. तो वळतो, पायऱ्या चढतो, आत जातो आणि दार बंद होतं.