क्लेमॅटिस : इंदूरच्या बागेत लावताना

इंदुरात क्लेमॅटिसची वेल मरते ती मुळांपासून. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, मे महिन्यात तापलेल्या जमिनीत ती भाजतात. शेंड्यांना ऊन हवे, मुळांना सावली आणि निचरा. एवढे जमले की बाकी काळजी थोडीच.

आपल्या रानातली मोरवेल ही क्लेमॅटिसच. तिची पांढरी, बारीक फुले पावसाळा सरता सरता येतात, आणि नंतर पिसासारख्या शेपट्यांच्या बियांनी वेल पुन्हा सजते. जमिनीत लावायला तीच घ्या. फोटोत दिसणाऱ्या तळहाताएवढ्या जांभळ्या फुलांच्या संकरित जाती थंड मुलखासाठी तयार झाल्या आहेत. आपला हिवाळा त्यांना अपुरा पडतो. हौस असेल तर अशी एखादी जात कुंडीत लावा, पण भरभरून फुलांची अपेक्षा धरू नका.

लावणी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, मोठा पाऊस ओसरल्यावर. जागा पूर्वेच्या भिंतीची, भिंतीपासून एक फूट दूर. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रीही ऊब सोडत राहते, ती टाळा. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. निघालेली काळी माती एक भाग, जाड रेती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. केवळ खड्ड्यात रेती भरून भागत नाही: भोवती चिकण माती राहिली तर खड्ड्याचे टाके होते. म्हणून वाफा आजूबाजूपेक्षा अर्धा फूट उंच करा. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. मोरवेल पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर लावा. संकरित जात दोन-तीन इंच जास्त खोल ठेवा. वरच्या फांद्या मर रोगाने (अचानक सुकवणारा बुरशीचा रोग) गेल्या तरी मातीखालच्या डोळ्यांतून ती पुन्हा फुटते. कुंडी किमान दीड फूट खोल हवी, सिमेंटची किंवा मातीची. काळे प्लास्टिक फार तापते.

बुंध्याभोवती दोन-तीन इंच सोयाबीनचे कुटार (भुसा) पसरा, खोडापासून चार बोटे सोडून. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आठ-दहा लिटर पाणी एकदम द्या. रोज तांब्याभर दिले तर मुळे वरच राहतात. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असले तरी अडचण नाही. पावसाळ्यात पाणी बंद. कुंडीला मात्र उन्हाळ्यात रोज पाणी लागते.

ही वेल तणाव्यांनी नाही, पानांच्या देठांनी वळसे घालून चढते. बांबू तिला पकडता येत नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक तार, सुतळी किंवा कोंबडीची जाळी द्या.

मोरवेल नव्या फुटीवर फुलते, म्हणून फेब्रुवारीअखेर ती जमिनीपासून फूट-दीड फुटावर, डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर कापा. पहिल्या वर्षी हात धजत नाही, पण न कापलेली वेल खाली उघडी पडते आणि फुले वर छपरापाशी जातात. छाटल्यावर दोन ओंजळी शेणखत द्या. युरिया टाळा, नुसती पाने वाढतात. छाटताना हातमोजे घाला: रसाने कातडीवर फोड येतात. जनावरांना आणि लहान मुलांना पाने चघळू देऊ नका.

एखादी फांदी अचानक मान टाकते तेव्हा आधी बुंध्याशी पाहा. खोड ठिसूळ असते, वाऱ्याने चिरलेले असू शकते. चीर नसेल तर तो मर रोग: निरोगी भागापर्यंत कापा, कापलेले खतात टाकू नका. माती ओली असूनही सगळी वेल सुकत असेल तर मुळे कुजली आहेत; आणखी पाणी घातले तर ती लवकर जाते. उन्हाळ्यात खालची पाने करपणे नेहमीचे. थंडीत पानांवर भुरी (पांढरी भुकटीसारखी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी फवारा.

आमच्या रोपवाटिकेतून रोप नेताना पिशवीच्या तळाची भोके पाहून घ्या. पांढरी मुळे दिसली तर उत्तम, काळपट आणि वास येणारी असतील तर ते रोप घेऊ नका, आम्हाला सांगा.