आयर्न मेडनच्या लाइव्ह व्हिडिओंवरून फॅन का भांडतात?

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या चार जुन्या फॅन्सना एकत्र बसवा आणि ‘रॉक इन रिओ’च्या डीव्हीडीचा विषय काढा. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बँडचा याहून जबरदस्त शो कॅमेऱ्यात सापडलेलाच नाही. दुसरा म्हणतो, शो जबरदस्तच, पण तो धड बघू कुठे दिलाय? कॅमेरा एका जागी ठरतच नाही. तिसरा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’चा दाखला देतो, चौथा ‘मेडन इंग्लंड’चा, आणि रात्र संपते. बाहेरच्याला हा रिकामटेकडा वाद वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या वादाला चार दशकांहून जुना इतिहास आहे. बँड आपल्या गावात येण्याची शक्यता नसलेल्या लाखो लोकांसाठी हा व्हिडिओच शो होता, ही गोष्ट त्याच्या मुळाशी आहे.

सुरुवात अगदी लहान झाली. २१ डिसेंबर १९८० रोजी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये मेडनचा शो चित्रित झाला आणि १९८१ मध्ये ‘लाइव्ह अॅट द रेनबो’ नावाने बाजारात आला. सात गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. पॉल डिअॅनो गात होता, क्लाइव्ह बर ड्रम्सवर होता. आज दोघेही हयात नाहीत. बर २०१३ मध्ये गेला, डिअॅनो २०२४ मध्ये. त्या काळातला बँड बघायचा असेल तर मोजक्याच चित्रफिती हाताशी आहेत, त्यात ही पहिली. म्हणून तिच्यातल्या उणिवांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पुढचा प्रयत्न मात्र फसला. मार्च १९८२ मध्ये हॅमरस्मिथ ओडियनमधला शो चित्रित झाला. ब्रूस डिकिन्सन नुकताच बँडमध्ये आला होता, त्याच्या आवाजातला पहिला अल्बम बाहेर पडत होता. पण रंगमंचावरचा प्रकाश चित्रीकरणाला पुरेसा नव्हता, आणि मनासारखं दिसत नाही म्हणून बँडने ते बाजूला ठेवलं. त्यातला भाग अधिकृतपणे बघायला मिळाला तो थेट २००४ मध्ये, ‘द अर्ली डेज’ या डीव्हीडीवर. म्हणजे २२ वर्षांनी. ‘चित्रीकरण आहे, पण देत नाहीत’ ही फॅन्सची कायमची तक्रार इथपासूनची आहे. बँडची बाजूही इथेच दिसते. अर्धवट काम आपल्या नावावर जाऊ द्यायचं नाही, हा बेसिस्ट आणि बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिसचा खाक्या आहे.

मग आला ‘लाइव्ह आफ्टर डेथ’, आणि पुढच्या प्रत्येक व्हिडिओला मोजायची पट्टी ठरून गेली. ‘वर्ल्ड स्लेव्हरी टूर’ ऑगस्ट १९८४ मध्ये पोलंडमधून निघाली आणि जुलै १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात थांबली. रंगमंच प्राचीन इजिप्तचा: मागे चित्रलिपीचे पडदे, दोन्ही बाजूंना पुतळे, आणि शेवटी मागून उठणारा ममीच्या रूपातला अवाढव्य एडी, म्हणजे बँडचा शुभंकर राक्षस. मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच लाँग बीच अरीनात ओळीने चार रात्री शो झाले, तेव्हा जिम युकिचच्या दिग्दर्शनाखाली व्हिडिओ चित्रित झाला. याच नावाच्या दुहेरी अल्बमची चौथी बाजू हॅमरस्मिथची आहे, व्हिडिओ मात्र पूर्ण लाँग बीचचा. नंतर स्टुडिओत बसून चुका दुरुस्त करायच्या नाहीत, जे वाजलं ते वाजलं, असा हॅरिसचा आग्रह होता. त्या काळातल्या कितीतरी ‘लाइव्ह’ अल्बममध्ये अर्धा माल नंतर भरलेला असे, हे लक्षात घेतलं की या आग्रहाचं मोल कळतं.

हा व्हिडिओ आजही का पुरून उरतो, ते ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ बघताना समजतं. तेरा मिनिटांहून मोठं गाणं. मध्ये सगळी वाद्यं जवळजवळ थांबतात, जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येते, धुरात निळसर उजेड पसरतो आणि इंग्रज कवी कोलरिजच्या मूळ कवितेतल्या ओळी ऐकू येतात. इथे घाई केली असती तर गाणं मेलं असतं. कॅमेरा थांबतो, आपणही थांबतो. मग बेस हळूच परत येतो, गिटार चढत जातात, आणि डिकिन्सनची ती लांबलचक आरोळी येते तेव्हा तिची किंमत वसूल झालेली असते. ‘पॉवरस्लेव्ह’मध्ये पिसांचा मुखवटा घातलेला डिकिन्सन, मॉनिटरवर पाय टाकून बेसची दांडी बंदुकीसारखी गर्दीवर रोखणारा, प्रत्येक शब्द ओठांनी म्हणणारा हॅरिस, या सगळ्या गोष्टी नजरेत बसतात, कारण त्या बसायला वेळ दिलेला आहे. फॅन्स ज्याला ‘नीट एडिट’ म्हणतात ते हेच.

यानंतर सूत्रं हॅरिसने स्वतःकडे घेतली. नोव्हेंबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या सभागृहात दोन रात्री ‘मेडन इंग्लंड’ चित्रित झाला आणि त्याचं एडिटिंग खुद्द हॅरिसने केलं. त्यात त्याचे महिनेच्या महिने गेले. प्रेक्षकाला आपण गर्दीत उभे आहोत असं वाटलं पाहिजे, ही त्याची कल्पना. ती समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजत नाही. गर्दीत उभ्या माणसाची नजर एका जागी नसते. ती गायकावर जाते, गिटारवर जाते, शेजारच्या उड्या मारणाऱ्यावर जाते, वर दिव्यांकडे जाते. हॅरिसला ही धांदल पडद्यावर आणायची होती. १९८९ च्या व्हीएचएसवर शेवटची तीन एन्कोर गाणी, म्हणजे शो संपल्यावर बँड परत येऊन वाजवतो ती, नव्हतीच. ‘रन टू द हिल्स’, ‘रनिंग फ्री’ आणि ‘सँक्चुअरी’ यांसकट पूर्ण शो यायला २०१३ ची डीव्हीडी उजाडली. एन्कोर गाळलेला शो म्हणजे अर्धवट शो, असं म्हणणाऱ्यांना तब्बल २४ वर्षांनी दाद मिळाली.

नव्वदच्या दशकाबद्दल थोडक्यात. १९९२ चा डॉनिंग्टनचा व्हिडिओ आला. त्यात बँड सोडून गेलेला गिटारवादक एड्रियन स्मिथ पाहुणा म्हणून ‘रनिंग फ्री’साठी मंचावर येतो, आणि तेवढ्या गाण्यासाठी लोक तो जपून ठेवतात. १९९३ मध्ये डिकिन्सनच्या निरोपाचा ‘रेझिंग हेल’ आला. जादूगार सायमन ड्रेकचे रक्ताळलेले प्रयोग गाण्यांच्या मधे मधे घातल्यामुळे त्यावर आजही नाकं मुरडली जातात, आणि माझ्या मते रास्तपणे. त्यानंतर ब्लेझ बेली पाच वर्षं गायला. त्या पाच वर्षांचा एकही पूर्ण शो अधिकृत व्हिडिओवर नाही. बेलीला लोकांनी कमी लेखलं, त्यात या उणिवेचा वाटा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता वादाच्या केंद्राकडे. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ परत आले, स्मिथच्या जागी आलेला यानिक गर्सही राहिला, म्हणजे बँडमध्ये तीन गिटार झाल्या. १९ जानेवारी २००१ रोजी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ टूरचा शेवटचा शो रिओ द जानेरोत झाला. समोर सुमारे अडीच लाख माणसं. ज्या रिओत १९८५ मध्ये डिकिन्सन कपाळ फुटून रक्त वाहत असतानाही गात राहिला होता, त्याच रिओत हे पुनरागमन. ‘रॉक इन रिओ’ ही याच शोची डीव्हीडी. दिग्दर्शन डीन कारचं, एडिटिंग पुन्हा हॅरिसचं. आणि इथे गर्दीतल्या माणसाच्या नजरेची कल्पना ताणली गेली. कट इतके भराभर येतात की सोलोची एक ओळ पुरी व्हायच्या आत गिटार दिसेनाशी होते.

तक्रार करणाऱ्यांमध्ये गिटार शिकणाऱ्यांचा आवाज मोठा होता, आणि त्यामागचं कारण अगदी रोकडं आहे. डेव्ह मरे, स्मिथ आणि गर्स यांच्यातलं कोण कुठली ओळ वाजवतोय, बोटं कुठल्या पट्टीवर आहेत, हे कानाने ओळखणं सोपं नाही. व्हिडिओ हाच मास्तर. मास्तर बोटं दाखवता दाखवता मध्येच गर्दी दाखवायला लागला तर शिष्य चिडणारच. दुसरी बाजूही खोटी नाही. अडीच लाख लोक ‘फिअर ऑफ द डार्क’ची धून एका आवाजात गातात तेव्हा ती गर्दी दाखवायची नाही तर काय दाखवायचं? ती रात्र गिटारइतकीच त्या माणसांची होती. मला विचाराल तर मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण हॅरिसने हे फॅनच्या प्रेमापोटी केलं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बाहेरच्या एडिटरला काम सोपवून मोकळं होणं त्याला कधीही परवडलं असतं.

आपल्याकडे हा वाद इतका जवळचा का, त्याचं उत्तर साधं आहे. मेडनने भारतात पहिल्यांदा पाऊल ठेवलं मार्च २००७ मध्ये, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. त्याआधी पाव शतकाहून अधिक काळ इथल्या फॅनच्या हाती होत्या कॅसेट्स, १९९१ नंतर केबलवर आलेला एमटीव्ही, आणि कुणाकडून तरी मिळालेल्या, नकलेच्या नकला झालेल्या व्हीएचएस. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांमधले बँड मेडनची गाणी वाजवत होते. मंचावर उभं कसं राहायचं, हेडबँग कधी करायचं, दोन गिटारवाल्यांनी पाठीला पाठ कशी लावायची, हे सगळं त्या फितींमधून आलं होतं. ज्याने शो कधी बघितलाच नाही, तो व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम मागतो. लंडनचा फॅन पुढच्या टूरला तिकीट काढून भरपाई करून घेतो, दादरच्या फॅनला ती सोय नव्हती.

म्हणूनच १ फेब्रुवारी २००८ ही तारीख इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ टूरचा पहिला शो मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाला. बँड, कर्मचारी आणि सगळं सामान ‘एड फोर्स वन’ या बोइंग ७५७ मधून आलं, आणि विमानाचा कॅप्टन होता स्वतः डिकिन्सन. मंच कुठला? तोच, लाँग बीचचा इजिप्त, नव्याने उभारलेला. सुरुवातही तीच: अंधारात चर्चिलचं भाषण आणि त्यावर धडकणारं ‘एसेस हाय’. जे दृश्य वर्षानुवर्षं खरवडलेल्या फितीवर बघितलं होतं ते वांद्र्यात समोर घडत होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ पहिल्यांदा डीव्हीडीवर आला.

या टूरवर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट केला, तो एप्रिल २००९ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याच्या सोबतच्या कॉन्सर्ट डिस्कवर प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे: ‘द ट्रूपर’ टोकियोचं, ‘हॅलोड बी दाय नेम’ टोरांटोचं, आणि पहिलंच ‘एसेस हाय’ मुंबईचं. यावरही मतं फाटली. एका रात्रीचा चढ-उतार अशा जोडकामात राहत नाही, घामाने भिजलेला शर्ट पुढच्या गाण्यात कोरडा होतो, असा आक्षेप घेणारे चूक नाहीत. पण इथे मी उघड पक्षपात करतो. जगभर विकल्या गेलेल्या डिस्कचं पहिलं गाणं आपल्या मैदानावरचं असेल तर मला शर्टाचं काही वाटत नाही.

२०११ मध्ये सँटियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर चित्रित केलेला ‘एन वीवो!’ २०१२ मध्ये आला. चिलीचं आणि मेडनचं नातं आपल्याहून कडवट सुरू झालेलं. १९९२ मध्ये तिथल्या कॅथलिक चर्चच्या दबावामुळे त्यांचा शो रद्द झाला होता. त्या देशात भरलेल्या स्टेडियमचा व्हिडिओ म्हणजे तिथल्या फॅन्सना मिळालेला न्याय होता. चित्रीकरणाला २२ एचडी कॅमेरे आणि वरून घिरट्या घालणारा आणखी एक. कट ‘रॉक इन रिओ’पेक्षा संयमित आहेत, पण अधूनमधून पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी अनेक चौकटी दाखवल्या आहेत. पुन्हा तीच कुरकुर: आम्हाला एकच चित्र द्या, मोठं द्या.

त्यानंतर तक्रारीचं स्वरूपच बदललं. २०१७ च्या ‘द बुक ऑफ सोल्स: लाइव्ह चॅप्टर’ची डीव्हीडी निघाली नाही. २०२० मध्ये आलेला मेक्सिको सिटीचा ‘नाइट्स ऑफ द डेड’ तर फक्त ऐकण्यापुरता. ‘लेगसी ऑफ द बीस्ट’ टूरमध्ये डोक्यावर स्पिटफायर या लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती तरंगत होती, ‘फ्लाइट ऑफ इकारस’मध्ये डिकिन्सन दोन्ही हातांतून ज्वाळा फेकत होता. बँडचा सर्वांत देखणा मंच, आणि तो अधिकृतपणे बघायला नाही! डिसेंबर २०२४ मध्ये साओ पाउलोच्या शोनंतर ड्रमर निको मॅकब्रेनने टूरवरून निवृत्ती घेतली, तेव्हा ही उणीव जास्तच बोचली.

मग फॅन काय बघतात? एकमेकांच्या फोनवरचे व्हिडिओ. हलते, फाटक्या आवाजाचे, पण एका कोपऱ्यातून सलग घेतलेले. मे २०२५ मध्ये ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ टूर बुडापेस्टहून सुरू झाली, त्याआधी मॅनेजर रॉड स्मॉलवूडने फॅन्सना आवाहन केलं की फोन खिशात ठेवा आणि शो डोळ्यांनी बघा. मैदानात उभं राहून बघणाऱ्यासाठी ही विनंती योग्यच आहे. पण टूर जिथे जात नाही तिथल्या फॅनने काय बघायचं, हा प्रश्न तिच्यात सुटत नाही. त्याचं उत्तर एकच: स्पिटफायरच्या खाली झालेल्या एखाद्या रात्रीचं पूर्ण चित्रीकरण असेल तर ते बाहेर काढा, एन्कोरसकट, आणि सोलो चालू असताना कॅमेरा बोटांवरून हलवू नका.