एका 'एन'मुळे बॅकअप जातो: टेप ड्राइव्ह ऑपरेटिंग सिस्टीमला कशी दिसते

टेपवर बॅकअप म्हटलं की हल्लीची पोरं हसतात, पण मोठ्या ठिकाणी टेप अजून जोरात चालू आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला प्रयोगांचा डेटा टेपवर जातो, आणि २०११ च्या फेब्रुवारीत एका बगमुळे काही लोकांचे जीमेल अकाउंट रिकामे झाले तेव्हा गुगलने त्यांच्या मेल परत आणल्या त्याही टेपवरूनच. एलटीओ या टेपच्या मानकातल्या नवव्या पिढीची, म्हणजे एलटीओ-९ ची कार्ट्रिज तळहातावर मावते, आत अर्धा इंच रुंद आणि एक किलोमीटरहून थोडी जास्तच लांब पट्टी असते आणि तिच्यात कॉम्प्रेशन न धरता १८ टीबी बसतात.

आता गंमत अशी की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला ही किलोमीटरभर पट्टी साध्या फाइलीसारखी दाखवायची असते, कारण लिनक्स ज्यावर बेतलं त्या युनिक्सवाल्यांची जुनी सवय, सगळं काही फाइल. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. हार्ड डिस्कच्या बाबतीत हे खपून जातं, कुठलाही ब्लॉक नंबर सांगा, डिस्क तिथे जाऊन येते. टेपचं तसं नाही, टेपला एकच प्रश्न कळतो, आत्ता हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) कुठे आहे? जुन्या नाट्यगीतांच्या कॅसेटमधलं चौथं गाणं ऐकायला आधीची तीन पुढे ढकलावी लागायची, तेच इथे, आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या फाइलीपर्यंत पोचायला एक-दीड मिनिट सहज जातं.

लिनक्समध्ये हे काम एसटी नावाचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्राम, करतो, स्कझी (ड्राइव्ह जोडायची एक पद्धत) टेपचा. ड्राइव्ह एकच लावलेली असली तरी डेव्ह या डिव्हाइसांच्या फोल्डरमध्ये तिची दोन मुख्य नावं दिसतात, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. लिस्ट काढून बघा, दोघांचा मेजर नंबर (कुठला ड्रायव्हर) ९, मायनर नंबर (त्यातलं कुठलं नाव) मात्र एकाचा ० आणि दुसऱ्याचा १२८. सगळा फरक त्या १२८ मध्ये आहे. एसटी-झिरो उघडून काम करून बंद केलं की ड्रायव्हर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळतो, एनएसटी-झिरो बंद केलं तर टेप आहे तिथेच थांबते. तो 'एन' म्हणजे 'नो रिवाइंड'.

हे वाचायला फालतू वाटतं. पण समजा गोव्यात पर्वरीतल्या एखाद्या ऑफिसात चवथीच्या सुट्टीआधी कोणीतरी स्क्रिप्ट लावली: आधी अकाउंट्सचा बॅकअप, मग पगाराचा, मग स्कॅन केलेल्या फाइली, तिन्ही टार (फाइली एकत्र बांधणाऱ्या) कमांड एसटी-झिरोवर. पहिली कमांड संपली, टेप सुरुवातीला आली, दुसरी तिच्यावरच लिहून गेली, तिसरी दुसरीवर. एरर एकही नाही, लॉग एकदम हिरवागार, आणि टेपवर फक्त स्कॅन! वर अकाउंट्सचा थोडाफार भाग पुढे पट्टीवर शिल्लक असला तरी तो वाचता येत नाही, कारण टेपवर जिथे शेवटचं लिहिलं तिथेच डेटा संपला असं ड्राइव्ह मानते आणि त्यापलीकडे जातच नाही. मधली एखादी फाइल तेवढी बदलावी असली सोय टेपवर नाही. मला विचाराल तर ज्याने रिवाइंडवालं नाव छोटं आणि सोपं ठेवलं त्याने पुढच्या पिढ्यांशी वैर धरलं होतं.

मग एका टेपवर तीन बॅकअप वेगळे कसे राहतात? फाइलमार्कने. लिहिणं संपवून डिव्हाइस बंद केलं की ड्रायव्हर टेपवर एक खूण लिहितो, ती डेटा नसते, स्वतंत्र खूणच असते. वाचताना ती आली की प्रोग्रामला शून्य बाइट मिळतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने फाइल संपली. टेपवर नाव नाही, फोल्डर नाही, तारीख नाही, फक्त पहिली फाइल, दुसरी फाइल, तिसरी. म्हणून टेप पुढेमागे नेणाऱ्या एमटी कमांडला 'दोन फाइलमार्क पुढे जा' किंवा 'लिहिलेलं संपतं तिथे जा' असं सांगावं लागतं, आणि कुठल्या नंबरवर काय आहे ते बॅकअप सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये नाहीतर सरळ वहीत. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेमुळे गोव्यात समुद्रतळाच्या सेस्मिक (कंपनलहरींच्या) डेटाबद्दल बोलणारी माणसं भेटतात, त्यांना सेग-वाय फॉरमॅट ठाऊक असेल, १९७५ चा, टेपसाठीच बनवलेला. त्याच्या सुरुवातीला ३२०० बाइटचा मजकूर असतो, ४० ओळी, प्रत्येकी ८० अक्षरं, म्हणजे टेपवर काय आहे ते टेपनेच सांगावं.

दुसरी कटकट ब्लॉकची, म्हणजे एका वेळी लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या तुकड्याची. टार कमांड १९७९ च्या युनिक्सपासून आहे, मुळात टेपसाठीच, आणि ती काही सांगितलं नाही तर ५१२ बाइटचे वीस तुकडे मिळून १०,२४० बाइटचा ब्लॉक लिहिते. आजच्या ड्राइव्हला एवढासा घास परवडत नाही म्हणून लोक २५६ केबी वगैरे ठेवतात. व्हेरिएबल ब्लॉक मोडमध्ये (ब्लॉकचा आकार आधी ठरलेला नसतो) एकदा वाचलं की एक अख्खा ब्लॉक येतो, अर्धा नाही. तुम्ही मागितले १० केबी आणि टेपवरचा ब्लॉक निघाला २५६ केबीचा, तर लिनक्स 'मेमरी अलॉट करता येत नाही' असा एरर देतं, माणूस बिचारा सर्व्हरची रॅम वाढवायचं कोटेशन मागवतो आणि खरं काम असतं टारला मोठा ब्लॉक सांगण्याचं.

एका वेळी एकच प्रोग्राम ड्राइव्ह उघडू शकतो, दुसऱ्याला 'डिव्हाइस बिझी'. ते बरंच आहे, दोघांनी एकच हेड इकडेतिकडे पळवलं तर काय उरणार. दोन ड्राइव्ह असल्या तर रीबूटनंतर झिरो आणि वन अदलाबदल होऊ शकतात, त्यामुळे सिरियल नंबरवालं नाव वापरा. रोबोटवाली लायब्ररी असेल तर कार्ट्रिज उचलणारा हात हे वेगळंच डिव्हाइस, त्याला एमटीएक्स कमांड.

वेगाचं मात्र नीट समजून घ्या. एलटीओ-९ सेकंदाला ४०० एमबीपर्यंत लिहिते, आणि सर्व्हरकडून डेटा त्यामानाने फारच हळू आला तर ड्राइव्हला टेप थांबवावी लागते, मागे घ्यावी लागते, पुन्हा पळवावी लागते. हे पुढेमागे घासणं टेपलाही वाईट आणि हेडलाही. ड्राइव्हमध्ये बफर असतो, ती वेगही थोडा कमी करू शकते, पण एका मर्यादेपर्यंतच, म्हणून शहाणी माणसं आधी सगळं एसएसडीवर गोळा करतात आणि मग एका दमात टेपवर ओततात. हो, आणि वर्षानुवर्षं ठेवायच्या टेपला हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के लागते, जूनमध्ये आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेव्हा एसी नसलेल्या स्टोअररूमचा विचारही करू नका.

टेप खरोखर फोल्डरसारखी दिसावी यासाठी २०१० मध्ये एलटीएफएस नावाची टेपची फाइल सिस्टीम आली, एलटीओ-५ बरोबर. त्या पिढीपासून टेपचे दोन भाग करता येतात, एका छोट्या भागात एक्सएमएलमधली यादी, दुसऱ्यात खरा डेटा. माउंट केलं (टेप सिस्टीमला जोडली) की यादी वाचली जाते आणि फाइली नावासकट दिसतात, माउसने ओढून टाकता येतात. पण डिलीट केलं तर नाव फक्त यादीतून जातं, पट्टीवरची जागा मोकळी होत नाही, ती हवी असेल तर कामाच्या फाइली दुसरीकडे काढून टेप परत फॉरमॅट करायची.