ग्रीन टी आणि ग्रीन टीचा अर्क: यकृताला दोन्ही सारखे नाहीत

ग्रीन टी यकृताला चांगला, मग त्याच्या कॅप्सूल आणखी चांगल्या, हे गणित इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं की आता वैताग येतो. कपातल्या चहात आणि डबीतल्या अर्कात ईजीसीजी हेच मुख्य कॅटेचिन (चहाच्या पानातलं अँटिऑक्सिडंट संयुग) असतं, इथवर ठीक. त्यापुढचं सगळं गृहीत धरलेलं असतं.

चहाबद्दल फार सांगायला नको. पानं, गरम पाणी, दोन-तीन मिनिटं. एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी उतरतं. माचा म्हणजे पानांचीच पूड, ती कपाने पीत असाल तर चहाच्याच बाजूला धरा.

लोक फसतात ते पुढे. चहा घोटाघोटाने पोटात जातो, दिवसभरात विभागला जातो आणि कडवटपणामुळे अतिरेक होण्याआधीच माणूस थांबतो. कॅप्सूलला ना कडवटपणा, ना घोट. कित्येक कपांचा ऐवज एका क्षणात आतड्यात उतरतो आणि तिथून रक्तावाटे आधी यकृताकडेच जातो. पोट रिकामं असेल तर शोषण कितीतरी वाढतं: अन्नाबरोबर घेण्यापेक्षा उपाशीपोटी घेतल्यावर रक्तातली ईजीसीजीची पातळी तिपटीहून जास्त चढल्याचं माणसांवरच्या चाचणीत दिसलं आहे. आणि इतक्या तीव्रतेत हे ‘अँटिऑक्सिडंट’ उलटं वागू शकतं. स्वतःच ऑक्सिडाइज होऊन पेशींवर ताण आणतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींना वाचवणारं संयुग म्हणून त्याची जाहिरात करणाऱ्यांनी एवढं तरी छापावं.

हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या हजाराहून अधिक स्त्रियांना वर्षभर रोज सुमारे ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क किंवा नुसती प्लासिबो (औषध नसलेली, दिखाऊ) गोळी दिली गेली. अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांच्या यकृताच्या तपासण्या मध्यम किंवा त्याहून जास्त बिघडल्या. प्लासिबोत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी. अर्क बंद केला की एएलटी (म्हणजे एसजीपीटी, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरायचं, पुन्हा सुरू केला की चढायचं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी देणाऱ्या पूरकांबद्दल इशारा दिला. २०२२ मध्ये युरोपीय संघाने दिवसाची मात्रा ८०० च्या खाली ठेवणं बंधनकारक केलं आणि ‘उपाशीपोटी घेऊ नये’ ही सूचना लेबलवर आणली.

पण ८०० च्या खाली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. त्याहून कमी मात्रेतही काहींना यकृताची इजा झालेली आहे. अशा रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार सर्वसाधारण लोकांपेक्षा खूप जास्त आढळतो. तो असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, त्यामुळे त्याची तपासणी करायला धावू नका. हळदीच्या पूरकांनी झालेल्या इजांतही हाच जनुकप्रकार वारंवार सापडला आहे, आणि त्यांतल्या काही गोळ्यांत शोषण वाढवायला मिऱ्यातलं पायपरीन मुद्दाम घातलेलं होतं. अन्न तेच, अर्क वेगळा, गोंधळही तोच.

लेबल वाचायची पद्धत साधी आहे. ‘अर्क ५०० मिलिग्रॅम, ईजीसीजी ५० टक्के’ म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम. दिवसाला चार सांगितल्या असतील तर १००० झाले, मर्यादेच्या पार. नुसतं ‘पॉलिफेनॉल ९८ टक्के’ (ईजीसीजी ज्यात मोडतं तो सगळा गट) लिहून ईजीसीजीचा आकडा गाळलेली डबी तशीच परत ठेवावी. वजन उतरवण्याच्या मिश्रणांत हा अर्क चौथ्या-पाचव्या ओळीत लपलेला असतो. दोन उत्पादनं एकत्र घेतली की बेरीज होते, आणि ती कोणी करत नाही.

यकृतासाठी काही प्यायचंच असेल तर कॉफीकडे बघा. तिच्यामागचा पुरावा ग्रीन टीपेक्षा भक्कम आहे, आणि कॅफीन काढलेल्या कॉफीतही तोच कल दिसतो. ‘डिटॉक्स’ हा शब्द छापलेल्या वस्तूला मात्र हात लावू नका. ते काम यकृत स्वतःच करतं.

अर्क घेत असताना मळमळ, न जाणारा थकवा, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. त्रास बहुधा पहिल्या तीनेक महिन्यांत कधीही उपटतो, म्हणून ‘इतके दिवस तर काही झालं नाही’ यावर जाऊ नका. बंद केल्यावर बहुतेकजण बरे होतात. क्वचित यकृताच्या प्रत्यारोपणापर्यंत वेळ आली आहे. बरं वाटल्यावर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा सुरू करणं हा शुद्ध वेडेपणा आहे, दुसऱ्या खेपेला इजा लवकर आणि जास्त होऊ शकते. डॉक्टरांना औषधं सांगताना लोक ही डबी हमखास वगळतात, कारण ती त्यांच्या लेखी औषधच नसते. सोबत न्या आणि मागची बाजू दाखवा.