पहिलटकरणीची प्रसूतिसोबत

पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रीजवळ, कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत, तिच्या विश्वासाच्या माणसाने सतत थांबणे म्हणजे प्रसूतिसोबत. प्रसूती करणे हे सोबतिणीचे काम नव्हे. धीर देणे, कंबर चोळणे, घोटभर पाणी पाजणे आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला कळेल अशा बोलीत सांगणे, एवढेच तिने करायचे असते.

पहिल्या खेपेला कळा लांबतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीच्या हलक्या कळांचा काळ वेगळाच. तो किती चालेल हे कोणीच सांगू शकत नाही. इतका वेळ एकटी पडलेली बाई घाबरते, अंग आखडून घेते आणि दुखणे अधिक जाणवते. २०१७ साली १७ देशांतल्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १५ हजारांवर स्त्रिया होत्या. सतत सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी, कळांचा काळ थोडा आखूड आणि बाळंतपणाबद्दलची कटुता कमी आढळली.

नाशिक परिसरात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे येते. घरी बाळंतपणे होत तेव्हा आई, मावशी, सुईण तिच्याजवळच असत. प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर जीव वाचले, पण आई मात्र प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर राहिली. पेठ किंवा सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्या कोकणा जमातीच्या मुलीला हे अंतर फार जाणवते: शहर अनोळखी, बोली वेगळी, आणि ओळखीचा एकही चेहरा आत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला आत घेण्यास मान्यता दिली. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा अटी आहेत. आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येते. सरकारी प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने सन्मानपूर्वक वागणुकीवर भर दिला. एका खोलीत अनेक खाटा असल्या की ‘गर्दी नको’ म्हणून सोबतिणीला परत पाठवणे सोपे असते. पण तिथे दोन खाटांमध्ये एक पडदा लावला तरी पुष्कळ काम भागते.

चांगली सोबतीण फार बोलत नाही. कळ चढू लागली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरचा भाग दाबून धरते, सावकाश श्वास सोडायला लावते. कळ ओसरली की ओठ ओले करते, घाम पुसते. डॉक्टरांची हरकत नसेल तर हात धरून चार पावले चालवते. ‘एवढं काय ओरडतेस, आम्ही नाही का झालो बाळंत?’ हे वाक्य तिच्या तोंडी येता कामा नये. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्याआधी ‘जोर लाव’ म्हणणेही घातक आहे. मुलगी ऐन वेळी दमून जाते. जोर कधी लावायचा ते डॉक्टर किंवा सिस्टर सांगतात. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी दिसली तर मात्र गप्प न राहता लगेच सिस्टरला हाक मारायची.

बाळ झाल्यावर पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ असू नये. टाके पडत असताना बाईला नातेवाइकांच्या आवाजातला बदल बरोबर कळतो. बाळाला लगेच तिच्या उघड्या छातीवर ठेवणे आणि तासाभरात पाजणे, यासाठीही कोणीतरी जवळ लागते. पुढच्या काही दिवसांत बाळंतिणीला उगाच रडू येणे सामान्य आहे. ते दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही, झोप उडाली किंवा बाळाजवळ जावेसेच वाटेना, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.