रॉयल क्रेसेंट, बाथ

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील बाथ शहरात चंद्रकोरीसारखी वळत गेलेली ३० घरांची सलग रांग. चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीत (१७१४–१८३०) तिथे जी नागरी वास्तुशैली रुजली, तिचा हा सर्वांत देखणा नमुना मानावा लागेल. सामाईक भिंतींनी जोडलेल्या, एकाच धाटणीच्या घरांच्या अशा रांगेला इंग्रजीत ‘टेरेस’ म्हणतात. आपल्याकडे टेरेस म्हणजे गच्ची, त्यामुळे वाचताना हमखास गल्लत होते.

बाथला गरम पाण्याचे झरे आहेत. अठराव्या शतकात औषधी स्नानाच्या निमित्ताने धनिक मंडळी तिथे हंगामापुरती येत आणि घर भाड्याने घेऊन राहत. त्यांना घर शहरातलेच हवे, पण थाट राजवाड्याचा हवा. ही गरज ओळखणारे वास्तुशिल्पी म्हणजे जॉन वुड पितापुत्र. वडिलांनी १७५४ मध्ये ‘सर्कस’ या वर्तुळाकार वसाहतीची पायाभरणी केली आणि काही महिन्यांतच ते वारले. मुलाने ती पुरी केली, आणि तिथून ब्रॉक स्ट्रीट या रस्त्याने जोडलेल्या जागेवर १७६७ मध्ये क्रेसेंटचे काम सुरू केले. हे बांधकाम सात-आठ वर्षे चालले.

दर्शनी भागाची लांबी सुमारे १५० मीटर आहे. तळमजला मुद्दाम साधा ठेवला आहे, आणि त्याच्यावरून उभे राहिलेले ११४ आयोनिक स्तंभ (माथ्यावर वेटोळी असलेले, प्राचीन ग्रीक धाटणीचे खांब) वरचे दोन मजले एका झेपेत कवेत घेतात. त्यामुळे तीस घरे न दिसता एकच महाल दिसतो. दगड मधाच्या रंगाचा, जवळच्याच खाणींतला चुनखडक. अगदी जवळून पाहिले तर त्यात खसखशीएवढे गोल कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. हा दगड कापायला मऊ असल्याने स्तंभशीर्षांवरची वेटोळी इतकी रेखीव उतरली. पण कोळशाचा धूरही त्याने तितक्याच सहज धरला, आणि पुढे बाथमधल्या अनेक इमारती काजळून गेल्या.

खरी गंमत मागच्या बाजूला आहे. वुड यांनी ठरवून दिला तो फक्त पुढचा भाग. घेणाऱ्याने दर्शनी भागाचा आपल्या वाट्याचा तुकडा घ्यायचा आणि त्यामागे आपला कारागीर लावून हवे तसे घर बांधायचे. म्हणून मागून पाहिले की छपरांची उंची जुळत नाही, खिडक्या एका रेषेत नाहीत, कुणाची खोली मध्येच पुढे आलेली. रांगेचे मोठेपण मला या तडजोडीत दिसते: रस्त्याकडचा चेहरा सगळ्यांचा आणि संसार ज्याचा त्याचा.

आतली मांडणी साधारण ठरलेली असे. तळघरात स्वयंपाकघर, आणि त्याला उजेड मिळावा म्हणून फरसबंदी व घर यांच्यामध्ये खोल मोकळी जागा. फरसबंदीखाली कोळशाची कोठारे. तळमजल्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, वर झोपायच्या खोल्या आणि पोटमाळ्यावर नोकर.

समोर उतरती हिरवळ आहे. तिच्यात खोलगट चर खणून एका बाजूने भिंत बांधली आहे. खालच्या बाजूची गुरे वर येऊ नयेत, पण घरातून पाहणाऱ्याला मध्ये कुंपण दिसू नये, अशी ही योजना. इंग्रजीत तिला ‘हा-हा’ म्हणतात.

एप्रिल १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात २ आणि १७ क्रमांकांची घरे आतून जळून गेली. ती नंतर पुन्हा उभी केली गेली. आज १ क्रमांकाच्या घरात संग्रहालय आहे, मध्यभागी हॉटेल आहे, तर अनेक घरांचे फ्लॅट झाले आहेत. संपूर्ण रांगेला पहिल्या श्रेणीचे कायदेशीर संरक्षण असून बाथ शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

१९७० च्या दशकात २२ क्रमांकाच्या मालकीणबाईंनी आपले दार पिवळे रंगवले. बाकीची दारे पांढरी, म्हणून नगरपालिकेने रंग बदलण्याची नोटीस काढली. प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले आणि दार पिवळेच राहिले.